बाबांचं बीपी आणि माझी नोकरी

९ जानेवारी, मंगळवार

१. सकाळी मेल आला. परगावच्या मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून माझी निवड झाली आहे.
२. रुजू व्हायची तारीख १ फेब्रुवारी.
३. मी योग्य वेळी सांगणार होते. धाकटीने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि घरभर सांगितलं.
४. आई म्हणाली, जा. लगेच म्हणाली. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.
५. बाबांनी टायरचं दुकान लवकर बंद केलं. विचारल्यावर म्हणाले, गिऱ्हाईक नव्हतं.
६. संध्याकाळी सहज म्हणून बाबांचं बीपी घेतलं. १५८/९६.
७. पुन्हा घेतलं. १६०/९६.
८. निर्णय स्थगित.

ही वही फक्त माझ्यासाठी. वॉर्डात नोंदी लिहितात तशीच लिहायची. दिसलं ते, ऐकलं ते. वाटलं ते नाही. वाटण्याचा रकाना चार्टमध्ये नसतो.

१० जानेवारी

निर्णयाची पद्धत ठरवली. भावना पूर्ण बाजूला, आकड्यांवर निर्णय. बाबांचं बीपी रोज सकाळी घ्यायचं. आकडा उतरला तर जायचं. नाही उतरला तर विचार करायचा.

बाबांना खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं पूर्ण शांत. कॉलेजात शिकवलं तसं, एकही पायरी न गाळता. मशीन माझंच, दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिससाठी घेतलेलं. त्यावर वर्गातल्या सगळ्या मुलींचं बीपी घेतलं आहे. एकदाही चुकलं नाही.

पट्टा फुगत असताना बाबांच्या दंडावरून चर्र आवाज करून सुटला. बाबा हलले असणार. ओढून घट्ट बांधला. आकडा १५६.

बाबा म्हणाले, ट्रकच्या चाकात हवा भरतो तेव्हा चाक एवढं कुरकुरत नाही. मी म्हटलं, बोलू नका, बोलल्याने आकडा वाढतो. मग ते माझ्याकडे बघत गप्प बसले.

निर्णय रविवारी.

११ जानेवारी

घरातलं मीठ बंद केलं. आईने विचारलं, कुठवर. मी म्हटलं, आकडा उतरेपर्यंत. आईने मिठाची बरणी माझ्या हातात दिली आणि गॅसकडे वळली. मला तिची पाठ दिसत होती. नोंद एवढीच.

आत्या शेजारच्या गल्लीत राहते, जेवायला आमच्याकडे असते. पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघत राहिली. म्हणाली, कुणी गेलंय का घरात? मी समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, परगावच्या पेशंटांना तरी मीठ खाऊ देशील ना, बाई? की त्यांनाही आमच्यासारखंच सरळ करणार?

बाबांनी दोनदा वाढून घेतलं. छान झालंय, म्हणाले.

१४ जानेवारी, रविवार

आज निर्णय होता. आकडा १६२. अशा स्थितीत निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. पुढच्या रविवारपर्यंत पुढे ढकलला.

माळ्यावरची बॅग काढली, फक्त चेन तपासायला. दोन्ही चेन चालतात. परत ठेवली. धाकटीने विचारलं, ताई, निघालीस? मी म्हटलं, तपासतेय. तिने खिडकीजवळची माझी कॉट वितीने मोजली. विचारल्यावर म्हणाली, मीपण तपासतेय.

वर्गातली माझी बेंचमेट, चष्मेवाली, हिचीही त्याच हॉस्पिटलात निवड झाली आहे. तिने तिथे दोन खाटांची खोली बघून ठेवली. भिंतीकडची खाट तुझी, असा मेसेज आला. मी उत्तर लिहिलं, कळवते. ती म्हणाली, कळवतेस काय, ये. चष्मेवालीला पद्धत अशी नाहीच.

१६ जानेवारी

मी जायचं ठरलंच तर घरात कोणीतरी बीपी घेणारं हवं. ड्यूटी बदलताना जसा पेशंट पुढच्या सिस्टरच्या हवाली करतात, तसं. आईने हात जोडले. म्हणाली, मला त्यांच्याकडे नुसतं बघून कळतं. ही शास्त्रीय पद्धत नाही, असं मी तिला सौम्यपणे सांगितलं.

धाकटी लगेच शिकली. शिकली आणि सुटली. आईचं घेतलं, आत्याचं घेतलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचं घेतलं, स्वतःचं घेतलं. सगळ्यांचं अगदी नॉर्मल. फक्त बाबांचं १५८. म्हणजे मशीन ठीक आहे. मशीनबद्दल मलाही मध्ये शंका आली होती. ती अशी नीट चाचणी करून दूर केली.

धाकटी म्हणाली, ताई, बाबांना हा पट्टा पुरतच नाहीये. माझ्या गेल्या वर्षीच्या युनिफॉर्मसारखा दिसतोय. मी तिला म्हटलं, तू आकडे वाच, कपड्यांचं नंतर बघू.

बाबांचा दंड खरंच जाड आहे. जन्मभर टायर उचलून झालेला. लहानपणी त्याला लोंबकळून मी झोका घेत असे. याचा इथे संबंध नाही.

१९ जानेवारी

बाबांच्या शर्टाच्या खिशात शेंगदाण्याची सालं सापडली. खारी. जिभेला लावून खात्री केली.

विचारलं. गिऱ्हाइकाची असतील, म्हणाले. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची सालं तुमच्या खिशात कशी? बाबांनी पंख्याकडे बघितलं. म्हणाले, या पंख्याला तेल द्यायला हवं.

मी घरात असताना ही अवस्था, गेल्यावर काय होईल? थांबण्याच्या बाजूला एक मुद्दा वाढला. मुद्दा मी शोधत नव्हते, तो खिशातून निघाला.

२२ जानेवारी

कालचा रविवार आकड्यांत गेला. आज सकाळी हॉस्पिटलला मेल केला. ‘वडिलांच्या गंभीर प्रकृतीमुळे मुदतवाढ मिळावी.’ आधी ‘अस्थिर’ लिहिलं होतं. अस्थिर फार मिळमिळीत वाटलं. ‘चिंताजनक’ लिहिलं. मग गंभीर.

गंभीर हा शब्द थोडा मोठा आहे, मान्य. पुस्तकात १६० ला वेगळा शब्द आहे. पण पत्र लिहिताना वाचणाऱ्याची सोय बघावी लागते.

दुपारच्या आत उत्तर आलं. स्वतः मेट्रनबाईंचं. १५ फेब्रुवारीपर्यंत मुदत वाढवली आहे. खाली एक ओळ जास्तीची होती: वडिलांची काळजी घ्या, आणि स्वतःचीही.

ती ओळ दोनदा वाचली. बाबा तेव्हा दुकानात ट्रॅक्टरचं चाक ओढून काढत होते. मी डबा द्यायला गेले तर शीळ घालत होते. मला बघून शीळ थांबवली आणि कमरेवर हात ठेवला.

घरी येऊन पाणी प्यायले. पाण्याची नोंद करायची गरज नव्हती, पण केली.

२५ जानेवारी

घरात मीठ आहे.

डिटर्जंटच्या रिकाम्या डब्यात आईचं. कंपासपेटीत, खोडरबराच्या खणात, धाकटीचं. आत्याने तर लपवण्याचा त्रासही घेतला नाही. कनवटीची पुडी ताटाशेजारी ठेवते आणि माझ्याकडे बघत सोडते.

आईला विचारलं. आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आम्ही वरून घेतो गं. पण ते घेत नाहीत. तू वाढतेस तेच खातात. अंगाने उतरलेत, बघितलंस का?

मी सांगितलं की वजन उतरणं बीपीच्या दृष्टीने चांगलंच आहे. आईने डबा पुन्हा जागेवर ठेवला. डिटर्जंटच्या जागेवर.

एवढं होऊन आकडा उतरत नाही. आज १६२. म्हणजे शेंगदाणे चालू असणार. संध्याकाळी बाबांना जरा कडक बोलले. पेशंटशी बोलतो तसं. बाबा खाली मान घालून ‘बरं सिस्टर’ म्हणाले. ते मला हल्ली सिस्टरच म्हणतात.

१ फेब्रुवारी

चष्मेवाली रुजू झाली. सर्जिकल वॉर्ड, तीस खाटा. एका आजोबांनी ड्रेसिंगच्या वेळी तिचा हात घट्ट धरून ठेवला, मग रडले, मग ती रडली, मग इनचार्ज सिस्टर दोघांनाही ओरडल्या. पाय मोडून आलेत, मजा येतेय, असं लिहिलंय. ही दोन वाक्यं एका ओळीत कशी बसतात कळत नाही. घरमालकीण भिंतीकडच्या खाटेचं विचारते आहे. मी चष्मेवालीला बूट अर्धा नंबर मोठे घ्यायचा सल्ला पाठवला.

दुपारी घरात कोणी नव्हतं. युनिफॉर्म घालून बघितला. फिटिंग तपासायला. कॉलर बरोबर आहे, खांद्यात किंचित सैल. आरशासमोर किती वेळ होते ते मोजलं नाही.

आत्या दार न वाजवता आत आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कोण आजारी आहे?

मी म्हटलं, कोणी नाही.

आत्या म्हणाली, मग काढ तो. चुरगळेल.

मी ‘कोणी नाही’ का म्हटलं, याचा विचार केला. घाईत म्हटलं.

५ फेब्रुवारी

चष्मेवालीने सरळ विचारलं की तुला भीती वाटते का. मी लिहिलं, नाही. तिने परत विचारलं. मी परत नाही लिहिलं.

कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्यामुळे मी कधी बाहेर राहिले नाही, हे खरं आहे. याचा निर्णयाशी संबंध नाही. तिथे जायला रात्रभराचा प्रवास आहे. खोलीत धाकटी नसेल. इंजेक्शन देताना मागे उभं राहून ‘हं, दे’ म्हणणाऱ्या मॅडम नसतील. औषध चुकलं तर ते माझं चुकेल. या गोष्टी मी केवळ माहिती म्हणून लिहिते आहे.

बाबांचा आकडा १६४. यात माझा काही दोष नाही.

८ फेब्रुवारी

दुसरी मुदतवाढ मागितली. ‘प्रकृती अद्याप गंभीर.’ सोमवारीच पाठवला होता तो मेल, लिहायचं राहिलं. उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असा अर्थ होतो.

पट्ट्याचं चिकटायचं टोक झिजलं आहे. आज तीनदा सुटला. मी वरून हाताने दाबून धरला. बाबांचा दंड लाल झाला होता. दुखतंय का विचारलं. अजिबात नाही, म्हणाले. मग पट्टा काढल्यावर दंड चोळत दुकानात गेले.

१२ फेब्रुवारी

हरकत होती.

हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन केला. तिथले क्लार्क काहीतरी चावत बोलत होते. दुसरी मुदतवाढ मिळत नाही, म्हणाले. पंधराला आला नाहीत तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार. मी विचारलं, मेट्रनबाईंशी बोलता येईल का? म्हणाले, मॅडम राउंडला आहेत. मग चावणं थांबवून त्यांनी विचारलं, वडील कसे आहेत?

मी म्हटलं, तसेच आहेत.

हे तरी खरं होतं.

नवा निर्णय: बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं, गोळी सुरू करायची, गोळीने आकडा खाली आला की मोकळ्या मनाने निघायचं. बाबांना म्हटलं, उद्या जाऊ. बाबा म्हणाले, उद्या ट्रक यायचाय. परवा? परवा दुसरा ट्रक. डॉक्टरांचं नाव काढलं की यांचे ट्रक येतात. शनिवार ठरला. शनिवारी सतरा तारीख येते, हे मला माहीत आहे. पण पेशंटच्या सोयीची वेळ बघावी लागते.

१४ फेब्रुवारी

उद्या पोचायचं तर आज संध्याकाळची गाडी. बॅग काढली. भरली. युनिफॉर्म सगळ्यांत वर, चुरगळू नये म्हणून. आई दारात उभी राहून बघत होती. धाकटीने न सांगता माझा चार्जर आणून दिला.

निघण्यापूर्वी शेवटचं म्हणून बाबांचं बीपी घेतलं. पट्टा दाबून धरला. १६८.

आई-बाबांना टाकून जाणारी मुलगी मी नाही. बॅग उतरवली.

बाबांनी आईकडे बघितलं, आईने त्यांच्याकडे. मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही.

१५ फेब्रुवारी

गेले नाही. मन शांत आहे.

मन शांत आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो. बाबांना बघून डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा काय झालं?

पुन्हा हा शब्द मी नीट ऐकला.

मी सगळा तपशील दिला. रोजची वेळ, बसण्याची पद्धत, आकडे. डॉक्टर ऐकत होते. मग त्यांनी खणातून पट्टा काढला. माझ्या पट्ट्यापेक्षा चांगला रुंद आणि लांब. बाबांच्या दंडाभोवती गुंडाळून वर टोक उरलं. फुगला. सुटला नाही, आवाज नाही, काही नाही. १२६/८०.

मी म्हटलं, तुमचं मशीन एकदा तपासून घ्यायला हवं. डॉक्टरांनी न रागावता दुसऱ्या, हाताने फुगवायच्या मशीनवर घेतलं. १२४. म्हणाले, मागच्या महिन्यात आले तेव्हाही एवढंच होतं. मग मला विचारलं, तुमचा पट्टा कुठल्या मापाचा? मी म्हटलं, नेहमीचा. त्यांनी बाबांच्या दंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कॉलेज कधी संपलं? मी म्हटलं, यंदाच. म्हणाले, हं.

बाहेर आलो. बाबा पुढे, मी मागे. चपलांच्या दुकानापाशी मी त्यांना गाठलं. तिथे मी विचारलं की मागच्या महिन्यात आला होतात, सगळं ठीक निघालं, तर मला सांगितलं का नाही.

बाबा काचेतल्या चपला बघत राहिले. मग म्हणाले, “तुला थांबायला कारण हवं होतं. माझ्याकडे दुसरं काय होतं? दंड होता.”

मीही काचेतल्या चपला बघू लागले.

“रोज सकाळी हात धरून बसायचीस,” म्हणाले. “म्हटलं, बांधू दे. आपल्याच गाडीत जास्त हवा आहे असं दाखवत फिरलो महिनाभर. पण ते बिनमिठाचं आता पुरे कर, सिस्टर. ते काही जमत नाही.”

खिशातून पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. खारे शेंगदाणे. मी घेतले. चपलांच्या दुकानासमोर उभं राहून आम्ही पुडी संपवली. सालं त्यांनी माझ्याही हातातून घेऊन खिशात टाकली.

१८ फेब्रुवारी, रविवार

पट्टा टेबलावर पसरून बघितला. आतल्या बाजूला दोन रेघा छापलेल्या आहेत. दंडाभोवती गुंडाळल्यावर पट्ट्याची कड त्या दोन रेघांच्या मध्ये यायला हवी. बाबांच्या दंडावर ती त्यांच्या जवळपासही येत नाही. लहान पट्टा मोठ्या दंडाला बांधला की आकडा खोटा चढतो. हे पहिल्या वर्षी शिकवतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मला आला होता. पूर्ण गुण मिळाले होते.

धाकटीला एवढंच सांगितलं की पट्ट्याबद्दल तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. तिने माझ्या खिडकीजवळच्या कॉटवर मांडलेली आपली पुस्तकं उचलून परत स्वतःच्या कॉटवर नेली. तेव्हा मला जास्त लागलं.

आईला सगळं सांगितलं. मेट्रनबाईंना लिहिलेला शब्दसुद्धा. आईने डिटर्जंटच्या डब्यातलं मीठ बरणीत ओतलं, बरणी पुसली, जागेवर ठेवली. मी विचारलं, त्या दिवशी इतक्या लगेच जा का म्हणालीस? म्हणाली, थांबले असते तर म्हणवलं नसतं.

आता काय म्हणतेस, विचारलं. बराच वेळ थांबून म्हणाली, जा.

आत्याने पहिला घास घेतला आणि म्हणाली, चला, आपलं माणूस बरं झालं. बाबांकडे नाही, माझ्याकडे बघून.

चष्मेवालीला फोन केला. भिंतीकडची खाट गेली. यादीतली पुढची मुलगी रुजू झाली, तिलाच दिली. चष्मेवाली म्हणाली, चांगली आहे गं, पण घोरते. मग विचारलं, बाबा कसे आहेत? गेला महिनाभर सगळे मला हेच विचारत आहेत आणि मी सगळ्यांकडून काळजी घेते आहे. परत कशी करायची ते कळत नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी बाबा सवयीने खुर्चीत येऊन बसले. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर. मी म्हटलं, आता गरज नाही. म्हणाले, माहीत आहे. पाच मिनिटं बसून दुकानात गेले. दंडावरचा लाल वळ अजून दिसतो.

मेलचे चार खर्डे केले. पहिल्यात पट्ट्यांच्या मापांबद्दल सविस्तर माहिती होती. दुसऱ्यात माझे तोंडी परीक्षेतले गुण होते. तिसऱ्यात ‘गैरसमज’ हा शब्द होता. तिन्ही खोडले. चौथा पाठवला. तो इथे उतरवून ठेवते.

मेट्रनबाईंस,

१. माझ्या दोन्ही मेलमध्ये वडिलांची प्रकृती गंभीर असल्याचं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. वडील बरे आहेत.
२. मी त्यांच्या दंडाला लहान मापाचा पट्टा बांधत होते. मापाची चूक माझी. ‘गंभीर’ हा शब्द मात्र चुकून लिहिला नव्हता.
३. मी आले नाही, कारण मला घर सोडायची भीती वाटत होती. अजूनही वाटते.
४. माझी जागा भरली आहे, हे मला माहीत आहे. पुढे कुठल्याही वॉर्डात, कुठल्याही पाळीत जागा निघाली तर मी येईन. मुदतवाढ मागणार नाही.

हे वाचून मला घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवावं. जे असेल ते शुक्रवारपर्यंत कळवावं, ही विनंती.